आजोबांच्या मार्टिनी रायफलीचं चेंबर घरी बदलावं का?

प्रश्न थोडक्यात असा. घरात आजोबांपासून आलेली मार्टिनी-हेन्री जातीची एकबारी रायफल आहे. तिचं मूळचं .५७७/४५० काडतूस सहजी मिळत नाही. विचारणाऱ्यांकडे छोटा लेथ आहे, उभं ड्रिल मशीन आहे, हात बऱ्यापैकी बसलेला आहे, पैसे मात्र बेताचे आहेत. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या पोकळीत, पोलादी बुश (अस्तराची नळी) बसवायचं आणि त्यात रीमरने (भोक मापात मोठं करणाऱ्या हत्याराने) .४५-७० या दुसऱ्या काडतुसाचं चेंबर कापायचं, असं कुणीतरी सुचवलंय. हे स्वस्तात आणि घरच्या घरी होईल का?

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. करू नका. तुमच्या हातात कसब नाही असं मला म्हणायचं नाही. लेथवर रीमर चालवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. अडचण भोवतीच्या धातूची आहे. तो धातू कोणता, त्याला पाणी कसं दिलंय, आतून कुठे चिरलाय का, हे कळल्याशिवाय चेंबरला हात लावण्यात अर्थ नाही. आणि ते कळून घेण्यातच बेताचे पैसे संपतात. म्हणून मी म्हणतो, आहेत ते पैसे तपासणीवर घाला. मग रायफल तुम्हाला स्वतःच सांगेल की तिच्याकडून काय घ्यायचं.

आधी बुशचा हिशोब. चेंबर बदलताना एक नियम कुणालाच मोडता येत नाही: रीमर धातू काढतो, घालत नाही. नवं चेंबर जुन्यापेक्षा सगळीकडे मोठं असेल तरच जुनं पुसलं जातं. .५७७/४५० हे बाटलीच्या आकाराचं जाडजूड काडतूस. बुडाशी त्याचा व्यास साधारण १७ मिलिमीटर. .४५-७० बुडाशी जेमतेम १२.८ मिलिमीटर. म्हणजे नवं काडतूस जुन्या पोकळीत खुळखुळणार, म्हणून बुश. त्या बुशची भिंत बुडाजवळ दोन मिलिमीटर भरते. ही दोन मिलिमीटरची नळकांडी जुन्या चेंबरच्या भिंतीला तंतोतंत टेकली नाही, कुठे केसाएवढी फट राहिली, की प्रत्येक बाराला ती फुगणार आणि परत आकसणार. दहा बार काही होत नाही. अकराव्याला बुश चिरते, वायू त्या चिरेतून मागे येतो, आणि मार्टिनीत मागे म्हणजे नेमबाजाचा चेहरा. शिवाय एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे झाडलेलं काडतूस बाहेर ओढणारा भाग, जुन्या रुंद कडेसाठी बनवलेला, तो नवा करावा लागतो. चेंबर मागून बंद करणाऱ्या ठोकळ्याचा, म्हणजे ब्लॉकचा, चेहरा आणि फायरिंग पिनचं भोक नव्या दाबाला पुरेल का, ते वेगळंच.

हे काम कारखान्यांनीही केलंय, पण कसं केलं ते बघा. १८८८ साली .३०३ काडतूस आल्यावर ब्रिटिश शस्त्रशाळांनी मार्टिनीच त्या काडतुसाला लावली आणि मार्टिनी-एनफिल्ड झाली. त्यांनी जुन्या चेंबरात बुश घातलं नाही. नळीच बदलली, एक्स्ट्रॅक्टर बदलला, आणि काम झाल्यावर प्रत्येक रायफल जादा दाबाच्या काडतुसावर तपासून मगच शिक्का मारला. ज्यांच्याकडे मूळची रेखाचित्रं, गेज आणि पोलादाची नोंद होती, त्यांनीही हाच मार्ग घेतला.

आता दाबाबद्दल, कारण सगळं इथेच अडतं. काळी दारू आणि धूरविरहित दारू यांत फरक नुसता धुराचा नाही. काळ्या दारूच्या जळण्याच्या वेगावर भोवतीच्या दाबाचा परिणाम बेताचा असतो. धूरविरहित दारू दाब वाढेल तशी अधिकच वेगाने जळते, आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. म्हणून तिथे मोजमापातली छोटी चूक छोटी राहत नाही. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ साली ही दारू व्यवहारात आणली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीत ती पहिल्यांदा सैन्यात गेली. तुमची मार्टिनी १८७१ साली सैन्यात घेतलेल्या नमुन्याची. तिचं काडतूस म्हणजे ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेन वजनाची शिशाची गोळी. धूरविरहित दारू तिच्या रचनाकारांच्या गावीही नव्हती.

ब्लॉकवर किती रेटा येतो ते कागदावर काढता येतं. चेंबरातला दाब गुणिले काडतुसाच्या आतल्या तळाचं क्षेत्रफळ. .४५-७० ची अमेरिकी मानकातली कमाल मर्यादा २८,००० पीएसआय, म्हणजे साधारण १,९३० बार (इथे ‘बार’ हे दाबाचं एकक). त्या काडतुसाचा आतला व्यास ११ मिलिमीटर धरला तर रेटा पावणेदोन टनांच्या वर जातो. आजच्या .३०८ काडतुसाची युरोपीय मर्यादा ४,१५० बार. तिथे हाच रेटा सव्वातीन टनांच्या आसपास. काडतुसाची पितळी भिंत चेंबरला चिकटते, त्यामुळे थोडा भार ती घेते. पण चेंबर तेलकट असेल तर तेवढाही आधार राहत नाही, आणि घरी साफ केलेल्या बंदुकांची चेंबरं हमखास तेलकट असतात.

तुम्ही म्हणाल, मी .४५-७० मध्येही हलकं, काळ्या दारूचंच काडतूस वापरीन. तुम्ही वापराल, यावर माझा विश्वास आहे. पण .४५-७० ची काडतुसं मजबूत आधुनिक रायफलींसाठी फार चढ्या दाबाचीही विकली जातात आणि बाहेरून ती तशीच दिसतात. चेंबर एकदा कापलं की ती सगळी तुमच्या रायफलीत बिनतक्रार बसणार. उद्या रायफल मुलाकडे, पुतण्याकडे जाईल. तुमच्या मनातली अट नळीवर लिहिलेली नसते.

काडतूस बसतं म्हणजे ते चालतं, ही समजूत किती महाग पडते याची एक जुनी गोष्ट सांगतो. जर्मन गेवेअर ८८ रायफलीसाठीची गोळी साधारण ८.०८ मिलिमीटरची होती. १९०५ साली टोकदार गोळीचं नवं काडतूस आलं, तिचा व्यास ८.२० च्या जवळ. केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, तीच, चेंबरमध्ये बसणं तेच. फरक मिलिमीटरच्या दशांशाएवढा. तेवढ्यासाठी जर्मन शस्त्रशाळांनी जुन्या रायफली परत घेऊन आटे (नळीतल्या पिळदार खाचा) आणि चेंबरचा गळा दुरुस्त केला आणि वर ‘एस’ असा ठसा मारला. ज्या रायफलीवर तो ठसा नाही, तिच्यात नवी गोळी म्हणजे अरुंद नळीत कोंबलेला बोळा. आजही कुणी ८८ घेऊन आलं की माझी नजर आधी त्या ठशाकडे जाते.

पोलादाच्या बाबतीत तर कारखानेही चुकलेत. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेत १९०३ च्या नमुन्याच्या रायफली बनत होत्या, तेव्हा रिसीव्हरला, म्हणजे नळी आणि बोल्ट धरणाऱ्या सांगाड्याला, पाणी देताना भट्टीतल्या पोलादाचा रंग कारागीर डोळ्यांनी ओळखत. लख्ख उजेडात लाल कमी दिसतं, ढगाळ दिवशी जास्त. त्यामुळे काही रिसीव्हर गरजेपेक्षा जास्त तापले आणि काचेसारखे ठिसूळ झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते फुटू लागले तेव्हा पद्धत बदलली. ८,००,००० च्या आतले क्रमांक असलेल्या त्या रायफली झाडण्याविषयी जाणकार आजही सावध करतात. अमेरिकेच्याच क्रॅग रायफलीचं असंच. बाराच्या वेळी तिच्या बोल्टला अडवून धरणारी पुढची पकड एकच. गोळीचा वेग सेकंदाला २,००० फुटांवरून २,२०० वर नेऊन पाहिला, तर त्या पकडीला चिरा पडू लागल्या आणि ती काडतुसं मागे घ्यावी लागली. दहा टक्के वेगाचा फरक, आणि तोही प्रयोगशाळा हाताशी असलेल्या लोकांकडून.

तुमच्या रायफलीत आणखी एक प्रश्न आहे आणि तो मी सगळ्यात आधी तपासला असता: ती खरंच मार्टिनी-हेन्री आहे का? खैबर खिंडीच्या परिसरात, दर्रा आदमखेलच्या गल्ल्यांत, या रायफलीच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या हाताने बनत आल्या. त्या कारागिरांचं हातकसब थक्क करणारं आहे. पण पोलाद मिळेल ते, अगदी रेल्वेच्या रुळाचंही, आणि पाणी देणं अंदाजाने. ओळखायच्या खुणा ठशांत सापडतात. इंग्रजी एन अक्षर उलटं कोरलेलं, शब्दांची स्पेलिंगं चुकलेली, मुकुटाखाली ‘व्ही.आर.’ आणि साल मात्र १९०१ नंतरचं. राणी व्हिक्टोरिया १९०१ च्या जानेवारीत वारली, त्यानंतरच्या खऱ्या रायफलीवर तिची अक्षरं येणार नाहीत. अशी एक जरी खूण दिसली, तर ती रायफल भिंतीवर सन्मानाने ठेवायची. तीत बार भरायचा विचार सोडायचा.

मी स्वतः हे सगळं पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एक गृहस्थ अशीच चेंबर बदललेली जुनी रायफल घेऊन आले. काम कुणी केलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तक्रार एवढीच, की झाडलेली केस बाहेर निघताना अडते. त्यांनी खिशातून तीन केसा काढून टेबलावर ठेवल्या. खांद्याच्या पुढे प्रत्येकीला दुसरा खांदा आलेला, म्हणजे जुनं चेंबर पूर्ण पुसलंच गेलं नव्हतं आणि पितळ त्या जुन्या पायरीत फुगून बसत होतं. बुडापासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर एक चमकदार कडं दिसत होतं. गुरुजींनी तारेचं टोक वाकवून केसेच्या आत घातलं, भिंतीवरून हळूच वर ओढलं, आणि त्या कड्याच्या जागी तार अडकली. आतून खाच पडली होती. पुढच्या एखाद्या बाराला केस तिथेच दुभंगली असती. ब्लॉक आणि काडतुसाचं बूड यांतली फट, जिला आपण हेडस्पेस म्हणतो, ती जास्त राहिली की असं होतं. केस मागे सरकते, पुढचा भाग भिंतीला चिकटून राहतो, मधलं पितळ ताणून पातळ होतं.

मग गुरुजींनी रिसीव्हर रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी कोरडा पुसला आणि त्यावर स्पिरिटमध्ये कालवलेली खडू पावडर फासली. पाच-दहा मिनिटांनी पांढऱ्या थरावर एक बारीक ओलसर रेघ उमटली, पेन्सिलीने काढल्यासारखी, पकडीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी खाली गेलेली. चिरेत मुरलेलं रॉकेल खडूने वर ओढून घेतलं होतं. उघड्या डोळ्यांना तिथे काही दिसत नव्हतं, बोटालाही लागत नव्हतं. त्या गृहस्थांचा चेहरा मला आजही आठवतो. त्यांचा मुलगा दर आठवड्याला तीच रायफल झाडत होता.

ही रॉकेल-खडूची चाचणी तुम्ही घरी करा. खर्च जवळपास शून्य. फक्त रॉकेल आणि स्पिरिटच्या आसपास जाळ नको. रेघ उमटली तर निर्णय झालाच. नाही उमटली तरी पोटातली चीर नाही असं सिद्ध होत नाही, कारण ही चाचणी पृष्ठभागापर्यंत आलेली चीरच दाखवते. पुढची पायरी म्हणजे चुंबकीय कणांची तपासणी. मोठ्या यंत्रशाळांत ती होते आणि एका सुट्या भागासाठी फार पैसे पडत नाहीत.

पण या सगळ्याच्याही आधी रायफल रिकामी आहे याची खात्री. मार्टिनीत लीव्हर खाली ओढला की चेंबर दिसतं. ठासणीच्या बंदुकीत तशी सोय नसते, आणि जुन्या ठासणीच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या भरलेल्याच राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. लाकडी काठी तोंडातून आत टेकेपर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा, बाहेर काढून नळीवर बाहेरून लावून बघा. काठी बत्तीच्या छिद्राच्या बरीच अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी आहे. काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. ती स्वतः उपसू नका.

पैसे जिथे सार्थकी लागतात ती दुसरी जागा म्हणजे चेंबरचा साचा. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, तो ७१ ते ८८ अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळतो. चेंबर तेलविरहित कोरडं करायचं, पुढे आट्यांच्या सुरुवातीला कापडाचा घट्ट बोळा बसवायचा, वितळलेला धातू ओतायचा. तो आधी किंचित आकसतो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या आत नळीच्या तोंडाकडून काठीने हलकेच ढकलून मागे काढता येतो. ओतल्यापासून तासाभराने त्याचं माप चेंबरच्या मापाशी जुळतं. तेव्हाच मायक्रोमीटर लावायचा, कारण पुढे दिवसागणिक तो थोडा फुगत जातो. त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात आणि गरजेपेक्षा जास्त तापवायचा नाही. साचा हातात आला की पहिल्यांदा तुमची रायफल तुम्हाला आतून दिसते: बुडाशी गंज खाल्लेले खड्डे, कुणी पूर्वी कानस फिरवल्याच्या रेघा, गळ्याची झीज. कित्येकदा असंही कळतं की चेंबर मुळात वेगळ्याच काडतुसाचं आहे, आणि एवढी वर्षं घरात चुकीचं नाव चालत आलंय.

कायद्याचं थोडक्यात. बऱ्याच देशांत ‘पुरातन’ ही सवलत बंदुकीच्या वयाइतकीच तिच्या काडतुसावर अवलंबून असते. ब्रिटनमध्ये २०२१ च्या नियमांनुसार कालबाह्य कॅलिबरांची यादी आहे आणि बंदूक १ सप्टेंबर १९३९ च्या आधीची असावी लागते. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुरातन धरतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये बंदूक रूपांतरित करणं, दुरुस्त करणं, तिची चाचणी घेणं या गोष्टी परवान्याशिवाय करता येत नाहीत, आणि कलम ४५ मधली पुरातन शस्त्रांची सूट तर जी दुरुस्त करूनही झाडता येणार नाहीत त्यांच्यापुरतीच आहे. म्हणजे चालू काडतुसाचं चेंबर कापल्याने सवलतीतली वस्तू रातोरात परवान्याची वस्तू होऊ शकते. जिथे प्रूफ हाऊस, म्हणजे बंदुका जादा दाबावर तपासून शिक्का मारणाऱ्या संस्था, आहेत तिथे चेंबर बदललं की जुना शिक्का बाद. रायफलींसाठी तिथला चाचणीचा दाब नेहमीच्या कमाल दाबाच्या साधारण २५ टक्के वर असतो. जे घरचं काम त्या चाचणीला पाठवायची तुमची तयारी नसेल, ते गालाला लावून झाडायचं का, हे मी तुम्हाला आपुलकीने विचारतो.

मग ही रायफल पुन्हा कधी झडणारच नाही का? तपासणीत ती निर्दोष निघाली, कागदपत्रं ठीक असली, तर झडू शकते, तिच्याच मूळ काडतुसावर. .५७७/४५० ची केस २४ बोअरच्या पितळी केसेपासून आकार देऊन बनवतात, आणि थोड्या प्रमाणात तयारही मिळते. दारू काळीच, गोळी मऊ शिशाची. हे महाग वाटतं, पण अशी रायफल वर्षाला दहा-वीस बारच झाडली जाते. वीस केसा जपून वापरल्या तर वर्षानुवर्षं पुरतात आणि त्या रीमर, बुश, एक्स्ट्रॅक्टर आणि प्रूफ यांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडतात. चेंबरला ओरखडाही नाही. नळी आतून पार खाल्ली असेल तर अनुभवी कारागीर जुनी नळी पोखरून तिच्या पूर्ण लांबीत आटे पाडलेली नवी नळी बसवतात. ते काम चांगलं टिकतं, मात्र घरच्या लेथचं नाही.

बाकी घरी करण्यासारखं खूप आहे आणि मन लावून केलं तर त्यातच खरा आनंद आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं क्लोरेट जळून मिठासारखा क्षार नळीत राहतो, तो तेलाने निघत नाही, गरम पाण्याने निघतो. आधी पाणी, मग लगेच कोरडं, मग तेल. लाल गंजावर तेलात भिजवलेली अतिबारीक स्टील वूल, तीही ठशांपासून दूर. लहान सुटे भाग ऊर्ध्वपातित पाण्यात अर्धा तास उकळले की लाल गंज काळा आणि स्थिर होतो. मग मऊ ब्रशने वरची काजळी काढायची. स्क्रूच्या खाचेत नेमकं बसेल असं पातं घासून घेतल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नका. सगळ्यात जास्त नुकसान मी ढिल्या स्क्रूड्रायव्हरने झालेलं पाहिलंय. दस्त्याला वॉर्निश नको, कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन-चार बोटं फिरवलेले पातळ हात पुरे. शेवटी लोखंडावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा थर, संग्रहालयांत देतात तसा. पॉलिशचं चाक मात्र लावू नका. ठसे गेले की रायफलीचा जन्मदाखला गेला.

सेरोसेफचा तो साचा फेकू नका. साल, मोजमापं आणि ‘.५७७/४५०, फक्त काळी दारू’ असं जाड कागदावर लिहा, साचा आणि तो कागद एका डबीत घाला, आणि डबी ट्रिगर गार्डला दोऱ्याने बांधून ठेवा.